माझ्या अंगावरची तात

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा पूर्वरंग आटोपून आख्यान लावतात ना, तसं एक आख्यान आज मी लावणार आहे. मी एक जुनी रॅकेट आहे. साहेबांच्या क्लबात काचेच्या कपाटात टांगलेली असते. रोज माझी धूळ पुसतात, पाहुणे माझं कौतुक करतात, आणि तरीही माझा जीव जळतो. का, ते ऐका.

निजामाचं राज्य होतं, मोठं युद्ध चालू होतं. सोनारीचा धुळाप्पा विसाव्या वर्षी या क्लबात पगारी खेळाडू म्हणून लागला. बंद खोलीत दोघांनी आळीपाळीनं रबरी चेंडू भिंतीवर मारायचा, त्या खेळाला स्क्वॉश म्हणतात. धुळाप्पानं साहेबांशी खेळायचं, त्यांना घाम आणायचा आणि शेवटचा डाव गुपचूप सोडून द्यायचा. तसा रिवाजच होता तिथला.

मी तेव्हा अडगळीत पडून होते. माझी जाळी तुटली होती आणि युद्धामुळं विलायतेहून नवी येत नव्हती. धुळाप्पानं मला घरी नेलं. त्याची आई हरणाबाई लोकर पिंजायची. पिंजायच्या कमानीला मेंढीच्या आतड्याची तात लागते, ती हरणाबाई स्वतःच वळायची.

"आई, ही तात ह्या चौकटीला टिकंल का?"

"दिसभर लोकर पिंजती ती. तुझ्या चेंडूला भ्येती व्हय?"

भैरवनाथाचं नाव घेत तिनं माझ्यावर तात विणली. शेवटच्या गाठीत काळ्या लोकरीचा एक धागा अडकला. "देवाचं नाव घेऊन विणलीया," ती म्हणाली, "हिच्यावर लबाड खेळू नको."

त्या वर्षी क्लबाच्या सामन्यांना साहेब कमी पडले, म्हणून धुळाप्पाचं नाव घातलं. शेवटच्या सामन्यात समोर कप्तानसाहेब. दोन-दोन डाव झाले. पाचवा रिवाजाप्रमाणं सोडायचा. धुळाप्पानं मला कपाळाला लावलं आणि तो सोडला नाही. मित्रांनो, त्या डावात मी मृदंगासारखी घुमले. धुळाप्पा जिंकला.

जिंकणाऱ्याचं नाव लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत लिहीत. ते नाव आईला दाखवायचं, एवढीच त्याची हौस. दुसऱ्या दिवशी धुतलेलं मुंडासं बांधून तो फळ्यापाशी आला. तिथं कप्तानसाहेबांचं नाव होतं.

"फळ्यावर सभासदांचीच नावं लागतात," कारकून पंचाक्षरी मान खाली घालून म्हणाले. "तू पगारी माणूस."

"मग खेळताना का अडवलं न्हाय, अण्णा?"

"हरशील असं वाटलं होतं रं सगळ्यास्नी."

धुळाप्पानं त्याच दिवशी नोकरी सोडली. तात त्याच्या आईची, पण चौकट क्लबाची, म्हणून मला त्याच्या हातातून काढून घेतलं. इथं टांगलं आणि खाली चिठ्ठी लावली: कप्तानसाहेबांची विजयी रॅकेट. त्या गृहस्थानं मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

नोकरीत असताना धुळाप्पा मला पाठीला बांधून सोनारीच्या देवळात कीर्तनाला न्यायचा. देवाच्या दारात खोटं टिकत नाही, असं बुवा तिथं सांगत. मग या क्लबाच्या दारात ते खोटं इतकी वर्षं सोन्याच्या अक्षरांत कसं टिकलं, हे मला कुणीतरी सांगावं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपता, चांगलं करता. पण वस्तूबरोबर तिचा माणूसही जपा. कधी या कपाटापाशी आलात, तर चिठ्ठी वाचू नका. माझ्या जाळीची शेवटची गाठ बघा. काळ्या लोकरीचा धागा अजून तिथंच आहे. तो बघा, आणि सोनारीच्या धुळाप्पाची आठवण काढा.