उभ्या रेषेचा चढ

स्टीलच्या डब्यात काचेच्या बांगड्या किणकिणल्या की चार वाजले असं समजावं आणि फाटकाची कडी वाजायच्या आत चहाचं आधण ठेवावं, असा एक हिवाळा माझ्या वाट्याला आला होता. कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला बांगड्या चालत नाहीत. म्हणून मंदाबाई मुद्दाम सैल मापाच्या घेत, पहाटे उतरवून डब्याच्या वरच्या खणात ठेवत, आणि पहिली पाळी संपवून पाटसला बसमधून उतरल्या की माझ्या ओट्यावर बसून एकेक परत हातात चढवत. त्यांच्या अंगाला कंपनीचा कडवट वास असे, वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प असे. शेवटची बांगडी चढली की त्या वही उघडत.

मी गणिताचा निवृत्त मास्तर. आमची ही गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात बोलायला भिंती आणि भांडायला रेडिओ. मंदाबाई चाळिशीच्या, नववीत शाळा सुटलेल्या. मूळची मेंढरांमागे हिंडणारी माणसं, सासऱ्यांच्या पिढीत शेतीला लागलेली. कंपनीत कायम व्हायचं तर दहावी हवी, म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. पुस्तक लग्न झालेल्या लेकीचं, त्यात तिनं काढलेली मेंदीची नक्षी अजून तशीच.

त्या आकडेमोड करत तेव्हा ओठ हलत, पण आवाज नसे. खोडरबराचा चुरा फुंकताना सुपातली फोलपटं उडवावीत तशी हलकी फुंकर घालत. फाटकाच्या गजांतून आलेलं पिवळं, कलतं ऊन त्यांच्या आलेखाच्या कागदावर पडे, आणि त्या उन्हात वाकलेल्या चेहऱ्यावर दिवसभराचा शीण असूनही एक कोवळी, हट्टी एकाग्रता उमटे. ती पाहताना मला वाटे, उभ्या नोकरीत मला विद्यार्थी पुष्कळ मिळाले, विद्या हवी असलेलं माणूस हे एकच.

सगळं जमलं, घोडं अडलं ते रेषेच्या चढापाशी. दोन आणि एक हा पहिला बिंदू, सहा आणि नऊ हा दुसरा. रेष कागदावर झकास चढत गेलेली, आणि मंदाबाईंचं उत्तर उणे दोन! भागाकारात वर उंचीतला फरक, नवातून एक वजा, बरोबर. खाली लांबीतला, तिथं मात्र दोनातून सहा. हे दर वेळी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "उंची खालनं वर मोजायची, आन् लांबी पानी येतं तिकडनं. आमच्या वावरात पाट उजवीकडनं येतो, सर."

वाफ्याला पाणी देताना आयुष्य गेलेली बाई. तिच्यासाठी कागदालाही उजवीकडून पाणी येत होतं. मला हसू आलं, आणि कौतुकही वाटलं. या चुकीचा इलाज एका वाक्याचा होता, मला तो त्याच क्षणी ठाऊक होता.

आणि मी तो सांगितला नाही.

आता लाज वाटते, पण लपवून काय करू? चढ हा शेवटचाच धडा उरला होता. तो संपला की बांगड्या थेट घरी जाऊन हातात चढणार, आणि माझ्या चारला पुन्हा साडेचार व्हायला अख्खा दिवस लागणार. मी "उद्या बघू" म्हणालो. दुसऱ्या दिवशी नवी दहा उदाहरणं दिली. दिवाळीनंतरची थंडी वाढली, ओसरली, ऊन कागदावरून सरकत भिंतीवर गेलं. मंदाबाई उणे दोन, उणे तीन काढत राहिल्या आणि मी दोन कपांत चहा गाळत राहिलो.

फेब्रुवारीत एके दिवशी त्या आल्या आणि बांगड्या डब्यातच राहिल्या. "माझं डोकं काय चालत न्हाई, सर. परीक्षेला बसत न्हाई मी. तुमाला उगा तरास." डोळ्यांत पाणी नव्हतं, पाण्याहून वाईट असा एक कोरडेपणा होता. मी त्यांची पेन्सिल घेतली आणि म्हणालो, "वर ज्या बिंदूपासून निघालात, खालीही त्याच बिंदूपासून निघा. उजवीकडून निघालात तरी चालेल, पण दोन्हीकडे एकच."

त्यांनी मांडलं. एकातून नऊ गेले, दोनातून सहा गेले. उणे आठ, उणे चार. दोन! नुसते दोन.

"एवढंच व्हतं व्हय?"

"एवढंच. मला दिवाळीतच सांगता आलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या दोन कपांकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा उघडला, एकेक बांगडी चढवली, आणि विचारलं, "उभ्या रेषेचा चढ कसा काढायचा?"

"तो काढता येत नाही. खाली शून्य येतं."

"म्हंजी नुसतं वर जायाचं, पुढं कुठंच न्हाई," त्या म्हणाल्या, आणि चहा पूर्ण संपवून गेल्या.

त्या पास झाल्या. पेढे घेऊन आल्या, वाकून नमस्कार केला, बसल्या नाहीत. आता कायम झाल्या आहेत. कंपनीची बस त्यांना वस्तीपर्यंत सोडते. चारच्या सुमारास ती माझ्या दारावरून जाते, खिडकीतून एक हात वर होतो, बांगड्यांचा हात, पण काच बंद असते आणि आवाज येत नाही. मी सवयीनं ठेवलेलं आधण उकळत असतं. जागा तीच, ओटा तोच, दिवसावर दिवस तेवढा चढत जातो. आणि याचं उत्तर निघत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं.