बिबट्याचं लोटांगण

सभागृहाच्या पांढऱ्या भिंतीवर बिबट्या आला, तेव्हा मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले आणि पुढच्या रांगेतले खुर्च्यांखाली गेले. चित्रफीतच होती, पण सावध असलेलं बरं. पाणवठ्याजवळच्या झाडाला बांधलेला, जनावर समोर आलं की आपोआप चालू होणारा कॅमेरा. त्याने ती टिपली होती. बिबट्याने जमिनीवर ठेवलेली एक चप्पल हुंगली. तिला एक गाल घासला, मग दुसरा घासला, आणि शेवटी चारही पाय वर करून तिच्यापुढे लोळला.

चप्पल महाराजांची होती.

"लोटांगण," महाराज हळूच म्हणाले आणि सभागृह गहिवरलं. बिबट्याने आधी डावा गाल टेकवला हे शास्त्राला धरूनच आहे, असं एक निवृत्त कारकून म्हणाले. कुठल्या शास्त्राला, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. महाराजांनी मग उलगडून सांगितलं की बिबट्याचे ठिपके म्हणजे त्याची मागच्या जन्मीची पापं, आणि त्यांच्या चपलेच्या दर्शनाने ती फिकी होत चालली आहेत. ठिपके जरा फिके दिसतही होते. भिंतीला ओल आली होती. आता हा प्राणी आपल्या शब्दाबाहेर नाही, तेव्हा गोठ्याला दार ठेवणं म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखवणं, असंही ते जाता जाता म्हणाले.

माझ्या मामाने त्याच दुपारी शेळ्यांच्या गोठ्याचं लोखंडी दार उचकटून महाराजांना वाहिलं. महाराजांनी ते सभागृहातल्या व्यासपीठावर आडवं टाकून, वर गादी घालून त्याचं आसन केलं. भक्तीचं फळ लगेच मिळालं. शनिवारी संध्याकाळी वस्तीच्या कडेला, सगळ्यांसमक्ष, बिबट्या जातीने दर्शनाला येणार होता, आणि तेव्हा ती चप्पल मांडीवर घेऊन बसायचा मान मामाचा होता. मामाने केस रंगवून घेतले.

"अहो, मला नवरा लागतो," मामी म्हणाली. "फार नाही, पण लागतो."

मामाने तिच्या श्रद्धेत खोट काढली आणि सरावासाठी चप्पल घरी आणली. ती मांडीवर घेऊन त्याने डोळे मिटले, एवढ्यात आमची मांजर आली. हिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. जन्मात तिने घरात कोणाला मान दिलेला नाही. मामाला तर ती भाडेकरू समजते. तिने चप्पल हुंगली, एक गाल घासला, दुसरा घासला आणि चारही पाय वर करून लोळली.

"पाहा, मुक्या जिवालाही कळलं," मामा हात जोडून म्हणाला.

"हिला अजून आरसा कळत नाही," असं म्हणत मामीने चप्पल नाकाशी नेली. "अहो, चपलेला पायाचा वासच नाही. चमत्कार असलाच तर हा आहे."

वास लग्नाला निघालेल्या माणसाचा होता.

मामाची मुलगी, म्हणजे माझी ताई, जनावरांची डॉक्टर आहे. ऐकून ती आधी पोटभर हसली. मग तिने सांगितलं की मांजराची जात घरातली असो की जंगलातली, असा उग्र, कस्तुरीसारखा वास आला की पुष्कळदा त्याला गाल घासते. गालापाशी तिच्या स्वतःच्या वासाच्या ग्रंथी असतात. बिबट्या पाया पडत नव्हता, सही करत होता. एवढं सांगून झाल्यावर मात्र तिचं हसू गेलं. "आणि पप्पा, तो वास मांडीवर घेऊन तुम्ही बसणार. तो खरंच आला आणि एवढी माणसं, एवढे मोबाइलचे दिवे पाहून बिथरला, तर पहिला पंजा तुम्हाला. मग गोळी त्याला. चूक दोघांचीही नाही."

मामाने मामीकडून चप्पल घेऊन ताईपुढे ठेवली. सत्याला परीक्षेची भीती नसते, असं म्हणाला.

मी केशकर्तनालयातून त्यांच्याकडची सर्वांत उग्र अत्तराची बाटली आणली. महाराजांचा शिष्यही हीच नेतो, असं कारागीर म्हणाला. त्याला वाटलं होतं, तिकडे कोणाचं तरी लग्न ठरलंय. महाराजांची चप्पल मामीने साबणाने धुतली, अगदी मनापासून. अत्तर लावलं ते मामाच्या न्हाणीघरातल्या, तारेने शिवलेल्या स्लिपरला. ताईने वनरक्षकाला बरोबर घेतलं आणि त्याच पाणवठ्यापाशी, वनखात्याच्या कॅमेऱ्यासमोर, दोन्ही मांडून ठेवल्या.

शनिवारी सकाळी सभागृहात पुन्हा बिबट्या आला. महाराजांची चप्पल त्याने ओलांडली. मामाच्या स्लिपरपुढे मात्र यथासांग लोटांगण घातलं, तारेसकट. जाताना महाराजांच्या चपलेकडे पाठ केली, शेपटी उचलली आणि तिच्यावरही आपली खूण सोडली. ही खूण ओली होती.

महाराज डगमगले नाहीत. आपली शक्ती मामांत उतरली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. पुढच्या रांगेतले काहीजण लगेच मामाच्या पायांकडे वळले. मामाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्याला ते क्षणभर आवडलं.

ताईने बाटली पुढे केली. "मग महाराज, संध्याकाळी तुम्हीच मांडीवर घ्या. अत्तर मी लावते."

महाराज म्हणाले, गुडघा वाकत नाही. हे ते मांडी घालून म्हणाले.

"पण तो तुमच्या शब्दाबाहेर नाही ना?" मामाने अगदी हळू विचारलं. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.

"नाही. पण शेवटी जनावर आहे ते," महाराज बोलून गेले.

मामा व्यासपीठावर चढला. "मग जरा उठा. खाली माझं दार आहे."

बिबट्या आपला भक्त नाही आणि वैरीही नाही. तो शेजारी आहे, आणि शेजाऱ्याला कळतील अशाच गोष्टी त्याला कळतात: बंद दार, उचललेला कचरा, बांधून ठेवलेली कुत्री, आणि तो दिसल्यावर गराडा न घालता वाट मोकळी करून देणारी माणसं. यातल्या एकाही गोष्टीला मंत्र लागत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एकदा वास घ्या, आणि तोच चमत्कार दुसऱ्याच्या चपलेवर होतो का, ते पाहा.

एवढं सगळं होऊनही सभागृहातले दोघे भाविक मामाच्या पायाशी वाकलेच.

"पायाला नको," मामा म्हणाला. "दाराला हात लावा. जड आहे."