पहिला पेला

साहेबांनी स्वयंपाकघरातला पितळी नळ दोन बोटांनी चाचपला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी पाणीखात्यात सगळे त्यांना साहेबच म्हणत. जुन्या जलकेंद्राच्या आवारातल्या या अधीक्षकांच्या बंगल्याचं आता संग्रहालय होणार होतं आणि त्यासाठी त्यांना सपत्नीक बोलावलं होतं.

संग्रहालयाची अधिकारी पाटीचा मजकूर वाचून दाखवत होती.

“‘गाळलेले पाणी सर्वांत आधी या नळाला येई. रोज सकाळी अधीक्षकांच्या पत्नी त्यातला पहिला पेला पीत. त्यांनी खिडकीतून पांढरे फडके हलवले, की मगच चावीवाला शहराचे पाणी सोडी.’ बरोबर आहे ना, काकू?”

“अगदी,” बाईंची मान ताठ झाली. “सबंध शहराच्या आधी मी.”

“पण वेळेवर कधीच नाही,” साहेब म्हणाले. “हिचं आवरायचंच नाही. फडकं हलायला उशीर, म्हणून शहराला पाणी उशिरा. लोकांच्या शिव्या मात्र मी खायच्या.”

बाई हसल्या, अधिकारीही हसली. साहेब स्वच्छ असलेला चष्मा पुसत राहिले.

“पाटी उद्या कोरायला देतेय,” असं म्हणून अधिकारी फोन घ्यायला बाहेर गेली.

पाटीवर खोटं कोरलं जाणार होतं आणि ते खोटं आहे हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. गप्प बसावं तर मन खाणार. खरं सांगावं, तर बायकोने जन्मभर मिरवलेली एकच गोष्ट तिच्या हातून काढून घ्यायची. ते दोनदा खाकरले.

“अगं, ती पाटी खरी नाही.”

“म्हणजे?”

“तू लग्न होऊन आलीस, तेव्हा हा नियम तुला कोणत्या तोंडाने सांगावा, हेच कळेना मला. पाण्यात काही निघालं, तर आधी तुला बाधायचं. म्हणून कुलपं बघायला जातो सांगून मागच्या नळावर हेच पाणी ओंजळभर पिऊन यायचो. रोज. तुझ्या आधी.”

बाई खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवत होत्या.

“उजवी बाही भिजलेली असायची तुमची.”

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच आठवड्यापासून.”

“मग बोलली का नाहीस? आणि वर सगळीकडे मिरवत होतीस?”

“बोलून तुम्ही ऐकणार होतात थोडेच. आणि मी मिरवलं, की तुम्हाला वाटायचं, हिला पत्ता नाही. निवांत असायचात.” त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. “तुम्ही पिऊन यायचात आणि इथे बसून पेपर वाचायचात. मी तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहायचे. रंग बदलत नाही ना, पोटावर हात जात नाही ना. चांगला अर्धा तास. मग माझा पेला, मग ते फडकं. माझं मेलं आवरायचं काय होतं? वेणी तर दोन मिनिटांत व्हायची.”

एवढी वर्षं चारचौघांत आपण हिच्या उशिरावर विनोद करत आलो, हे साहेबांना आठवलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

बाईंनी मांडणीवरचा पेला उचलला. नळ आधी नुसता फुसफुसला, मग धो धो वाहू लागला.

“काकू, नको,” दारातून अधिकारी म्हणाली. “पाइप फार जुने आहेत. ते पाणी अजून तपासायला दिलेलं नाही.”

तोवर पेला रिकामा झाला होता. बाईंनी पदराने ओठ टिपले.

“पाटी आहे तशीच राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “आता खरी आहे ती.”

अधिकारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला काही उमगलं नाही.

“बरं, निघू या का? गाडी आलीय खाली.”

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बायकोच्या समोर बसले.

“गाडीला थांबायला सांगा,” तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता ते म्हणाले. “अर्धा तास.”