डबीतला ठिपका

ऑपरेशनमध्ये काढलेली थायरॉइडची गाठ फॉर्मलिनच्या डबीत पडली आणि डॉक्टरणीला आठवलं: कॅमेऱ्याखाली धरायचीच राहिली होती!

एरवी हा नेम ती कधी चुकवत नसे. थायरॉइडला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन. शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. नुसत्या डोळ्यांना चरबीसारख्या दिसतात, पण खोलीतले दिवे घालवून खास कॅमेरा धरला की पडद्यावर चमकतात. एखादी गाठीबरोबर निघून आलीच, तर सोडवून मानेच्या स्नायूत परत रोवता येते. फॉर्मलिनमध्ये पडली की पेशी मरतात, कारभार आटोपला.

पण आज दूध भरून छाती ठणकत होती. तान्ही बाटलीला तोंड लावत नाही, असा सासूबाईंचा निरोप आला होता. त्या घाईत ती बोलून गेली, "सिस्टर, टाका डबीत."

आता सिस्टरने दिवे घालवले आणि डबी कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर पांढरा ठिपका लखलखला.

"मेल्यावरही चमकतेय हो," सिस्टर पुटपुटली.

उजवीकडच्या ग्रंथी आधीच्या ऑपरेशनमध्येच गेलेल्या. मानेत उरली एकच, तीही रक्तपुरवठा तुटून काळवंडलेली.

"होतं असं," विभागाचे मोठे सर म्हणाले. "गोळ्या सुरू करा. पेशंटपाशी उगीच खोलात शिरू नका."

सकाळी पेशंट, पार्लर चालवणारी ताई, उशीला टेकून बसली होती. "टाके झकास घातलेत हं! फक्त बोटांना मुंग्या येताहेत, ओठ बधिर झालेत. कात्री धरता येईल ना मला?"

"गोळ्यांनी मुंग्या थांबतील. पण गोळ्या कदाचित जन्मभर लागतील." डॉक्टरणीने खुर्ची ओढली. "ताई, एक ग्रंथी वाचवता आली असती. माझ्याकडून बघायची राहिली."

"तो कॅमेरा होता ना? तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतंत."

"होता."

"बंद पडला?"

"नाही. मी लावलाच नाही."

"किती वेळ लागतो त्याला?"

"दोन मिनिटं."

बाळाचं कारण जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

ताई आपली बोटं एकमेकांवर चोळत राहिली. मग म्हणाली, "आमचे हे बाहेर बसलेत. बोलवा त्यांना. आणि आत्ता मला सांगितलंत ना, ते सगळं त्यांच्यासमोर परत सांगा. माझ्या तोंडून नाही निघायचं."

डॉक्टरीण उठली आणि तिने दार उघडलं.