मास्तरांचे दहापैकी दहा

कण्हण्यात मास्तरांचा फायदाच फायदा होता. माणूस कण्हतोय तोवर बायको त्याला बोलत नाही, आणि बायको बोलली नाही तर घडीची शिडी घरात राहते. मागच्या खेपेलाच बाईंनी बजावलं होतं, "पुन्हा चढून पडलात, तर त्याच दिवशी शिडी घराबाहेर!" आज पंखा पुसताना मास्तर पुन्हा पडले. खांद्याचं हाड मोडलं ते मोडलं, ते जुळेल. पण शिडी गेली, तर साध्या ट्यूबसाठी शेजाऱ्याच्या विनवण्या करायच्या? तेही निवृत्त हेडमास्तरांनी?

इमर्जन्सीतल्या लेडी डॉक्टरांनी विचारलं, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. किती दुखतंय?"

खरं उत्तर सात होतं. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "दहा."

"दहापैकी दहा?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "सख्ख्या लेकीला निबंधात सातच्या वर दिले नाहीत यांनी!"

पण डॉक्टरांनी दहा म्हणजे दहाच धरले. मॉर्फिनने मास्तरांना पूर्वी ओकाऱ्या झाल्या होत्या, हे बाईंनी सांगितलं. "मग केटामिन देते," त्या म्हणाल्या. "भुलीला वापरतात तेच, पण अगदी थोडं. शुद्ध जाणार नाही. जरा तरंगल्यासारखं वाटेल, घाबरू नका."

सिस्टरने ते छोट्या सलाईनमधून सावकाश सोडलं. बाटली संपता संपता कण्हणं थांबलं आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"आता किती?"

"दोनसुद्धा नाही!"

बाई याचीच वाट पाहत होत्या. मांडीवरची पर्स त्यांनी बाजूला ठेवली. "वय काय, करताय काय! शंभरदा सांगितलं, माणूस बोलवा..."

दुसऱ्याच कुणाची खरडपट्टी चालली असावी, तसे मास्तर कौतुकाने ऐकत होते. "छान बोलतेस गं. पण तू दोन दिसतेयस."

"एकीचं ऐकलं नाहीत, आता दोघींचं ऐका!"

"मी पार छताला टेकलोय. आणि गंमत म्हणजे, शिडी लागलीच नाही!"

बाई थबकल्या. "काय म्हणालात?"

"शिडीची गरजच नाही गं."

"डॉक्टर, ऐकलंत ना? साक्षीला आहात हं!"

पडद्यापलीकडच्या बेडवर पाय मुरगळलेले एक गृहस्थ होते. त्यांना राहवलं नाही. "वहिनी, काढायचीच असेल तर आम्ही नेऊ का शिडी?"

"शिडी?" त्यांच्या बायकोचा आवाज चढला. "धड पायरी उतरता येत नाही, आणि शिडी हवी! परवा स्टुलावर कोण चढलं होतं?"

थोड्या वेळाने मास्तर छतावरून बेडवर परतले, तेव्हा शिडीचा निकाल लागलेला होता. संध्याकाळीच ती खालच्या सुताराकडे गेली. बोलण्यातलं अक्षरही मास्तरांना आठवेना, आणि एकदा बोललेलं पुन्हा बोलायचा बाईंना कंटाळा. शिडीवरची सगळी बोलणी शेवटपर्यंत, पूर्ण शुद्धीत खाल्ली ती पडद्यापलीकडच्या गृहस्थांनी. त्यांना मिळाली होती नुसती एक गोळी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे तीन सांगितले होते.