पडलेल्या जावयाला उचलायचं नाही

जावईबापू पडले आणि मृण्मयीने कपाळावर हात मारून घेतला.

पडले म्हणजे खेळात. लातुरात आपल्या घरी खुर्चीवर बसलेले आलोकराव, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अगदी धडधाकट होते. पण मोबाईलच्या पडद्यावर त्यांचा गडी गोळी खाऊन उघड्या रानात गुडघ्यावर रांगत होता. अशा गड्याजवळ जाऊन सोबत्याने थोडा वेळ हात लावला की तो पुन्हा उठतो. मात्र समोरच्या टेकडीवर शत्रू नेम धरून बसलाय, जो उचलायला जाईल तो मरणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"अगंबाई! आलोकराव पडले!" नांदेडात मृण्मयीच्याच शेजारी बसलेल्या तिच्या आईने, सरोजिनीबाईंनी, किंकाळी फोडली आणि भिंतीआडची पक्की जागा सोडून धाव घेतली. मागोमाग निघाले मार्तंडराव. तीस-पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. "आधी विचार कर, मग पेन उचल," असं पोरांच्या डोक्यात बसवता बसवता ज्यांचा घसा सुकला, ते बाबासुद्धा बंदूक पाठीला लावून जावयाकडे पळत सुटले.

"आई, थांब! बाबा, मागे फिरा!" मृण्मयी ओरडत राहिली. ऐकतो कोण? आई मेली, बाबा मेले, जावईही गेले, आणि एकटी उरलेली मृण्मयी पुढच्या वळणावर गारद झाली.

"आता काय बाई करणार," सरोजिनीबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "जावयाला असं रानात टाकून यायचं? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक, आई? शत्रू होते ते!"

हे असं प्रत्येक सामन्यात व्हायचं. नांदेडच्या एका मोबाईल दुकानदाराने सहकुटुंब स्पर्धा काढली होती. एका घरातले चौघे, त्यातला एक तरी पन्नाशीच्या पुढचा. कागदावर कॅप्टन होती मृण्मयी, आणि तिच्याच नेमावर संघ कसाबसा उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. पण संघात जावई असला की कागदाला कोण विचारतं? चांगली बंदूक सापडली की सरोजिनीबाई ती आधी आलोकरावांपुढे नेऊन ठेवायच्या, पहिली पोळी वाढावी तशी. औषध त्यांना, चिलखत त्यांना. आलोकराव म्हणाले गोदामात शिरू, की सगळे गोदामात. ते म्हणाले गच्चीवर, की सगळे गच्चीवर. मृण्मयी पडली तर मात्र बाबा शांतपणे म्हणायचे, "उठेल ती. आलोकराव, तुम्ही ठीक आहात ना?"

एरवी मृण्मयीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण या वेळी तिचा जीव त्यात अडकला होता. लातूरच्या मुलींच्या संघाला नवी कॅप्टन हवी होती. तो संघ बांधणारी स्वप्नाली फोनवर स्पष्टच बोलली होती. "नेम चांगला आहे गं तुझा. पण नेमबाज माझ्याकडं पुष्कळ हायत. तुझं कुणी ऐकतं का, ते बघायचंय मला. रविवारचा अंतिम सामना सगळ्यांना आवाजासकट दिसणार आहे ना? तो ऐकते मी."

घरातलीच तीन माणसं ऐकत नाहीत, तर परक्या पोरी काय ऐकणार?

पण वाईटातून चांगलं असं, की चालू होता अधिक महिना. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, आरती ओवाळायची. आलोकराव आणि अंबिकाताई नेमके रविवारीच नांदेडला येणार होते. आणि मृण्मयीपाशी एक हुकमाचं पान होतं. ताईच्या लग्नात तिने दाजींचे बूट पळवले होते. मांडवात दाजींनी पाकीट काढलं, तेव्हा ही म्हणाली होती, "पैसे नकोत. एक मागणं राखून ठेवते." सगळे हसले होते. तिने मात्र ते खरंच जपून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी दाजींनी उंबऱ्यात पाऊल ठेवताच तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"दाजी, बुटाचं मागणं. आज तुमचा घसा बसलाय."

"कुठं बसलाय? छान आहे की."

"बसलाय म्हटलं ना! तुम्ही माझ्या कानात पुटपुटल्यासारखं करायचं. पुढचं मी बघते."

आलोकराव लातुरात शिकवणी वर्गाला रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत सहज जायचा. तो गिळून बसणं सोपं नव्हतं, पण मेहुणीच्या डोळ्यांत बघून ते हसले आणि गळ्याभोवती रुमाल गुंडाळून घेतला. सरोजिनीबाईंनी तत्परतेने हळद-दूध आणलं. नको असलेलं ते हळद-दूध त्यांना प्यावंच लागलं.

उपांत्य सामना सुरू झाला. चौघे एकाच खोलीत, कूलरसमोर. दाजी मृण्मयीच्या कानाशी ओठ हलवायचे आणि मृण्मयी जाहीर करायची, "दाजी म्हणून राहिले, सगळ्यांनी विहिरीपाशी उतरा."

सगळे विहिरीपाशी उतरले. विनातक्रार! मृण्मयीला गुदगुल्या झाल्या.

"दाजी म्हणून राहिले, ती मोठी बंदूक मृणूला द्या."

"असं म्हणतात?" सरोजिनीबाईंचा ऊर भरून आला. "किती बाई मोठ्या मनाचे!"

"आणि दाजी म्हणून राहिले, मी पडलो तर मला उचलायला कुणी यायचं नाही."

"बघा, बघा," मार्तंडराव गहिवरून म्हणाले. दाजींनी रुमालात तोंड खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते.

पोरगी आता चढली होती. जे मनात येईल ते दाजींच्या नावावर खपत होतं. या नादात ती म्हणाली, "दाजी म्हणून राहिले, पूल ओलांडा." आणि चौघे पुलावर चढले. पलीकडच्या टोकाला कुणीतरी दबा धरून बसलं होतं. आई गेली, दाजी गेले, बाबा गेले. मृण्मयीने पाण्यात उडी टाकली आणि कशीबशी तग धरून राहिली. दुसरा नंबर आला म्हणून अंतिम फेरी गाठली, इतकंच.

"पुलावर माणूस दिसला होता मला," मार्तंडराव सहज म्हणाले.

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"आता आलोकरावच म्हणाले म्हटल्यावर मी कसा मोडता घालू?"

सकाळपासून मृण्मयीला वाटत होतं, आपलं ऐकून राहिलेत. कुणी काही ऐकत नव्हतं. नुसती मान डोलत होती. त्या पुलावर तिने सगळ्यांना मारलं होतं, आणि माहीत असलेला माणूस शेजारीच तोंड मिटून बसला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी पानं मांडली. आलोकराव पाटावर, समोर रांगोळी, आरती ओवाळून झालेली. सरोजिनीबाईंनी पुरणाचे गरम धोंडे वाढले आणि वर तुपाची धार धरली. आलोकरावांनी हात आडवा केला. धार थांबेना. त्यांनी दोन्ही हात आडवे केले. तूप बोटांवरून ताटात, ताटातून पाटावर.

"बस! बस, मामी, बस!"

वर्गातला आवाज. भिंतीवरची पाल पळाली म्हणतात. सरोजिनीबाईंच्या हातात तुपाचं भांडं तसंच राहिलं.

"घसा?" मार्तंडराव म्हणाले.

"कसला घसा!" अंबिकाताई खो-खो हसत सुटली. "सकाळी लातूरला न्हाणीघरात गाणं चाललं होतं यांचं."

मृण्मयीने खाली मान घालून सगळं कबूल केलं. बूट, मागणं, पूल. मार्तंडरावांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आमच्याशी खोटं? धोंड्याच्या दिवशी? आलोकरावांना यात ओढलंस?"

"मामा, एक बोलू?" आलोकराव हात पुसत म्हणाले. "मला कॅप्टन व्हायचंच नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं, आलोकराव, कुठं उतरायचं? आता सासऱ्यांनी विचारल्यावर माहीत नाही कसं म्हणू? तेव्हापासून मनाला येईल ते सांगून राहिलो. मी चुकतो, हे मलाही कळतं. पण या घरात मला कुणी चूक म्हणतच नाही हो. माझी आई दिवसातून दहादा म्हणते. इथं आलो की एकटं एकटं वाटतं."

सरोजिनीबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. इतकी वर्षं इतकं केलं, आणि जावयाला एकटं वाटतं? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. आणि विचारताना त्या आलोकरावांकडे नाही, मृण्मयीकडे बघत होत्या.

मृण्मयीने एक श्वास घेतला. "सामना चालू असेपर्यंत इथं कुणी जावई नाही. ज्याला जे दिसेल ते त्याने लगेच बोलायचं, मी चुकत असेन तर तेही. सगळं ऐकून शेवटी मी ठरवीन. आणि मी सांगितल्याशिवाय पडलेल्या कुणालाही उचलायचं नाही."

"पण मी यांना हाक काय मारू?"

"आलोक."

"अगंबाई," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि पदराने घाम पुसला.

अंतिम सामन्यात शेवटी त्यांच्यासमोर उरलं बिलोलीचं कुटुंब. मार्तंडरावांचे शाळेतले जुने सहकारी व्यंकटराव आणि त्यांचा गोतावळा. मृण्मयी म्हणाली, शाळेच्या इमारतीत शिरू. मार्तंडराव चाचरत म्हणाले, "मृणू, खिडकीत काहीतरी हललं."

"बरं झालं बोललात. मागून जाऊ."

मागून गेले म्हणून वाचले. दाजी मात्र नेहमीप्रमाणे पुढे धावले आणि नेहमीप्रमाणे पडले. सरोजिनीबाई गच्चीवर होत्या. त्यांचा पाय उचलला गेला. मग त्यांनी मन घट्ट केलं.

"आलोक! गप पडून राहा!"

जावयाला उचलायला कुणीतरी येणारच, या खात्रीने त्याच्यावर नेम धरायला बिलोलीचे दोघे आडोशातून बाहेर आले. सरोजिनीबाईंनी एकेकाला टिपलं.

"मामी, मी मरून राहिलो," दाजी म्हणाले.

"मरा!" सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या बंदुकीत गोळ्या भरत होत्या.

दाजी आनंदाने मेले. थोड्या वेळाने सरोजिनीबाईही गेल्या, पण जाताना तिसऱ्याला घेऊन गेल्या. उरले एकटे व्यंकटराव, आणि इकडे बापलेक. तेवढ्यात झाडीतून गोळी आली आणि मृण्मयी पडली.

"मृणू!" बाबा खडकाआडून उठले. "आलो बाळा, आलो!"

आजवर किती सामन्यांत ती अशीच रांगत पडली होती, आणि बाबा तिच्यावरून उडी मारून जावयाकडे गेले होते. आज ते तिच्यासाठी पळत निघाले होते. तिला ते हवं होतं.

"बाबा, नाही. येऊ नका. डावीकडच्या झाडामागं व्यंकटकाका आहेत. तिकडं जा."

"अगं, तू मरशील."

"मरू द्या. कॅप्टन सांगतेय, बाबा."

मार्तंडराव थबकले. शेजारी बसलेल्या पोरीकडे त्यांनी एकदा वळून बघितलं.

"हाव, जातो," ते म्हणाले, आणि डावीकडे गेले.

दोन गोळ्या झाल्या. पडद्यावर त्यांच्या घराचं नाव झळकलं. अंबिकाताईने टाळ्या पिटल्या, दाजींनी रुमाल भिरकावला. लगेच व्यंकटरावांचा फोन. "मार्तंडा, पोटच्या पोरीला टाकून आलास रे?"

"हुकूम होता," मार्तंडराव रुबाबात म्हणाले.

सरोजिनीबाई मात्र जावयापुढे हात जोडून उभ्या होत्या. "आलोकराव, मघाशी तोंडातून भलतंच गेलं हो माझ्या. मनावर घेऊ नका. एक धोंडा घ्या."

"नको, मामी."

"गप खा," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच जीभ चावली.

मृण्मयीचा मोबाईल वाजला. स्वप्नालीचा निरोप होता. "ऐकतात गं तुझं. ये लातूरला." तिने तो दोनदा वाचला. ती अजून सतरंजीवरच बसून होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

मार्तंडराव फोन ठेवून तिच्यापुढे येऊन उभे राहिले आणि वाकून हात पुढे केला.

"कॅप्टन, सामना संपलाय. आता उचलू का?"

मृण्मयीने नाक पुसलं आणि त्यांचा हात धरला.