शेवटची मंतरणारी

चर्चच्या हॉलमध्ये गावच्या नामवंतांची भिंत सजली. इंग्रजांनी उत्तरेतून हुसकून लावल्यावर होडीतून इथल्या दलदलीत आलेला गावचा पहिला फ्रेंच माणूस झोझिम गिद्रोझ, अकॉर्डियन बनवणारा आल्फे, आणि शेवटी एल्मीर गिद्रोझचा फोटो. खाली लिहिलेलं, 'आपली शेवटची मंतरणारी'. भाजलं-दुखलं की गाव मंतर घालून घ्यायला तिच्याकडेच धावायचं.

"शेवटची? मेले की काय मी?" एल्मीर कडाडली. "खोडा ते! चांगला धडधाकट मुलगा आहे मला."

मुलगा म्हणजे विल्बर्ट. समुद्रातल्या तेलविहिरीवर जन्म घालवून साठीला घरी आलेला. बाईनं मंतर द्यायचा तो आपल्याहून लहान पुरुषाला, कानात, एकदाच. कागदावर उतरवायचा नाही. दिला की देणारीच्या हातातून गेला. आणि बरं झालेल्यानं आभार मानायचे नाहीत. मानले की गुण गेलाच. पन्नास वर्षांत एल्मीरला कुणी आभाराचा शब्द म्हटला नव्हता.

पण मंतर फ्रेंच, आणि विल्बर्टला फ्रेंच येत नव्हतं. दोष कुणाचा? हिचाच! लहानपणी शाळेत फ्रेंच बोलायला बंदी; हिनं फ्रेंचमध्ये लघवीला जाऊ का विचारलं, तर बाईंनी मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले. तिथंच स्कर्ट ओला झाला, वर्ग हसला. माझ्या पोरावर ही वेळ येऊ देणार नाही, असं तिनं ठरवलं. नवऱ्याशी फ्रेंच, पोराशी मोडकंतोडकं इंग्रजी. केवढा शहाणपणा! पण तेव्हा अख्खं गावच असं शहाणं झालं होतं.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपून आल्यावर ओसरीत तिनं विल्बर्टचा हात धरला आणि सगळा मंतर त्याच्या कानात सांगितला. आपल्या तळव्यातली ऊब ओसरल्याचं तिला कळलं.

"आलं का रे?"

"आलं, आई."

गुरुवारी शेजारची व्हर्ना लेकीला कडेवर घेऊन धावत आली. कोळंबी उकडायच्या हंड्यातलं पाणी पोरीच्या हातावर सांडलं होतं. "डॉक्टरांनी पट्टी बांधली, मावशी, पण आग काही थांबत नाही गं!"

विल्बर्टनं पट्टीवर हात धरला. दोन शब्द म्हणाला. थांबला. पुन्हा तेच दोन म्हणाला. पोर किंचाळत होती.

"आई, पुढे काय गं?"

 एल्मीरनं त्याला बाजूला सारलं, स्वतःचा हात ठेवला, मंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. एक अक्षर चुकलं नाही. पोर तशीच रडत राहिली.

व्हर्नानं लेकीला उचललं. दारापर्यंत गेली, मागे वळली आणि हळूच म्हणाली, "आभारी आहे हं, मावशी."

एल्मीर खुर्चीत बसली. तिला कळलं, आता आभार मानले तरी चालतात.

"खोटं बोललो मी त्या दिवशी," विल्बर्टला हुंदका फुटला. "तुझं मन मोडवेना गं. लहानपणी फ्रेंच बोलली असतीस माझ्याशी..."

"हो रे बाळा," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या पिकल्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्याला समजावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "हॉलमध्ये सांग, फोटोखाली लिहिलंय ते राहू दे."